रंगीत घनांतील शेवटले भोजन

मिलान नगरीतील सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहात प्रभूच्या शेवटल्या भोजनाचे भित्तिचित्र आहे. सुमारे १४९५ ते १४९८ या काळात लिओनार्दोने ते रंगविले. दर्शनास अवघी पंधरा मिनिटे मिळतात. पुष्कळसा रंग पोपडे होऊन गळला आहे. पुढे होऊन पाहता आम्हांस नुसते डाग दिसले. मागे सरलो, तेव्हा मुद्रा उमटल्या.

दुरून पाहण्याचे हेच गणित टोरॉन्टोच्या कलावंतांनी २००९ साली मांडले. हंगेरीच्या एर्नो रुबिक यांनी १९७४ साली निर्मिलेल्या कोड्याचे ४,०५० घन रचून त्यांनी हेच चित्र उभारले. प्रत्येक घनाची एकच बाजू दिसते. तीवर नऊ चौकोन, म्हणजे एकूण ३६,४५० ठिपके. रंग मात्र सहाच! तरी एका बाजूवर १,००,७७,६९६ प्रकारची रचना संभवते आणि घन फिरवून त्यांतील कोणतीही साधता येते. कातडीचा रंग या सहांत नाही. पिवळा, नारिंगी, पांढरा शेजारी आले की दुरून तो भासतो.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामातील एखादे कुटुंब रुसून मिस्सेला येईनासे होते, तेव्हा ‘एकाने काय अडते?’ असे आपण म्हणतो. एक चौकोन निखळला, तरी प्रभूच्या मुखावर व्रण उरतो. त्या घरी आपणच जावे.