गागोद्याचें घर आणि सूर्यनमस्कार

पेणच्या डोंगरांच्या बाजूस गागोदें बुद्रुक हें लहानसें गांव आहे. येथील शंभूराव भावे यांच्या घरीं त्यांचे नातू विनोबा ११ सप्टेंबर १८९५ रोजीं जन्मले. आजोबा चांद्रायण करीत. चंद्राच्या कलेबरोबर घांस वाढवावयाचे व उतरवावयाचे. शरीरास मापानें वागविण्याचा हा पाठ नातवास घरांतच पाहावयास मिळाला.

पुढें १९१७ सालीं अध्ययन व प्रकृतिसुधारणा यांसाठीं गांधीजींच्या आश्रमांतून रजा घेऊन विनोबा वाईस नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशीं राहिले. गांधीजींस धाडलेल्या पत्रांत त्यांनीं व्यायामाचा हिशेब दिला आहे : प्रथम दहाबारा मैल चालणें, मग सहाआठ शेर धान्य दळणें, आणि शेवटीं रोज ३०० सूर्यनमस्कार. नमस्कारांस ना आखाडा लागतो, ना पैसा. माणूस आडवा मावेल एवढी जमीन पुरे.

या व्यायामानें विनोबा कांहीं मल्ल झाले नाहींत. परंतु १९५१ मध्यें, वयाचीं पंचावन्न वर्षें उलटल्यावर, भूदानासाठीं निघालेले ते कृश पाय तेरा वर्षें चालत राहिले. बळ कमावावें तें कशासाठीं, याचें उत्तर त्यांत आहे. वाचकहो, गागोद्याचें तें घर अवश्य पाहावें. मात्र परतल्यावर आपल्या अंगणांत पहाटे मुलांस उभें करावें, आणि आपणही त्यांच्या शेजारीं उभें राहावें.