साडी नेसलेली मिर्याम



बेने इस्राएलांच्या अंकात एका ख्रिस्ती चित्रकारावर लेख कशासाठी, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात येईल. आपल्या धर्माने प्रतिमापूजन वर्ज्य केले आहे, आणि तो नियम आम्ही लहानपणापासून पाळीत आलो आहोत. तेव्हा पूजेचा विषय बाजूला ठेवू. त्या चित्रकाराला एका प्रश्नाने जन्मभर छळले, आणि तो प्रश्न आपल्याही घरात वस्तीला आहे. देवाचे नाव घेताना माणसाने आपल्या आईची भाषा आणि आपल्या गावचा पेहराव उंबऱ्याबाहेर काढून ठेवावा काय?

चित्रकाराचे नाव आंजेलो द फोन्सेका. जन्म १९०२ साली, गोव्यातील सांतो इस्तेव्हांव या गावी. तो मुंबईला डॉक्टरी शिकू लागला, पण तिथे मन रमले नाही. ते शिक्षण सोडून जे. जे. कलाशाळेत गेला. युरोपी वळणाचे चित्र काढायला शिकून समाधान होईना, म्हणून पुढे शांतिनिकेतनला गेला आणि टागोर घराण्याच्या व नंदलाल बोस यांच्या परंपरेत तयार झाला. गोव्यास परत आल्यावर त्याने येशूची आई काढली, ती साडी नेसलेली, सावळ्या रंगाची, आपल्या कोकणपट्टीतल्या एखाद्या घरच्या सुनेसारखी. लोक रागावले. मातेला गोरी कांती आणि निळा झगा असायचा, अशीच सर्वांची सवय. पोर्तुगीज अंमलातल्या गोव्यात त्याला थारा उरला नाही. तो पुण्यास आला आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाच्या आसऱ्याने चित्रे काढीत राहिला. १९६७ साली तो पुण्यातच वारला. त्याची पुष्कळ चित्रे आता गोव्यात पर्वरी येथील झेवियर सेंटरमध्ये जपून ठेवली आहेत. म्हणजे ज्या भूमीतून माणसाला निघावे लागले, तिथे त्याची चित्रे घरी पोहोचली. तो स्वतः मात्र पोहोचला नाही.

आता गंमत पाहा. ज्या बाईच्या पेहरावावरून एवढे रामायण घडले, ती मुळात कोण? गालीलमधल्या एका खेड्यातली यहुदी मुलगी. तिचे नाव मिर्याम. हे नाव आपल्यात आजही घरोघरी आहे. इटलीच्या चित्रकारांनी तिला आपल्याकडच्या श्रीमंत घरची वस्त्रे नेसवली, तेव्हा फारशी कोणी हरकत घेतली नाही. गोव्याच्या पोराने साडी नेसवली, तेव्हा मात्र ती परकी झाली! नासरेथला १९६९ साली जे मोठे चर्च खुले झाले, तेथे निरनिराळ्या देशांनी पाठवलेली तिची चित्रे भिंतींवर लावली आहेत. जपानची मिर्याम जपानी पोशाखात आहे. आम्ही निवृत्त परिचारिकांच्या सहलीबरोबर तेथे गेलो असता बराच वेळ भिंतींकडे पाहत उभ्या राहिलो. प्रत्येक देशाने तिला आपल्या घरी नेले होते. जिच्या गावी आम्ही उभ्या होतो, त्या गावची तिची वेशभूषा मात्र आता कोणालाच आठवत नाही.

मराठी ख्रिस्ती समाजाने हेच काम शब्दांनी केले. कोकणात करजगावी १८६१ साली जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. धर्म बदलला, पण अभंग आणि कीर्तन सोडले नाही. त्यांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. आमच्याबरोबर मुंबईच्या इस्पितळात शिकणाऱ्या नगरच्या मुली रात्रपाळीत टिळकांची पदे गुणगुणत, आणि आम्हांला वाटे, हे तर आपलेच सूर! कारण आपल्या वाडवडिलांनीही १८८० च्या सुमारास मुंबईत कीर्तने सुरू केली होती. आब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे ओवीत आणि साकीत बांधून, टाळ-पेटीच्या साथीने. कीर्तनाला येणाऱ्या बायकांना हिब्रू येत नव्हते, पण योसेफाला भावांनी विकले तेव्हा त्या पदराने डोळे पुसत. धर्म त्यांच्या घरात मराठीच्या दाराने आला.

चित्रही आपल्या घरात आहेच. एलियाहू हन्नबी अग्निरथातून स्वर्गी जात आहेत, ते चित्र किती घरांत भिंतीवर आहे! त्याची पूजा आपण करीत नाही, पण ते नसेल तर भिंत ओकी वाटते. अलिबागजवळच्या खंडाळ्यास एलियाहूंच्या रथाची खूण आहे, अशी आपली श्रद्धा. गालीलचा मिर्यामा सांतो इस्तेव्हांवला आली, तसे गिलादचे एलियाहू कुलाबा जिल्ह्यात आले. मलिद्याच्या ताटातले पोहे, ओले खोबरे आणि साखर कोणत्या तोरातील आज्ञेत सांगितले आहेत? ते कोकणाने दिले. प्रार्थना मात्र यरुशलेमची.

अशा मिश्रणाची किंमत द्यावी लागते. फोन्सेकाला सांगितले गेले की हे खरे ख्रिस्ती चित्र नव्हे. आपल्या लोकांना या देशात आल्यावर विचारले गेले की तुम्ही खरे यहुदी कशावरून? लग्नाच्या नोंदणीसाठी आजी-पणजीपर्यंतची चौकशी सुरू झाली. आपल्या थोरल्यांनी १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये धरणे धरले, आणि त्याच वर्षी क्नेसेतने बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत असे जाहीर केले. आम्ही त्या वेळी भारतात पाळण्यात होतो किंवा जन्मलोही नव्हतो. पण ज्यांनी ते धरणे धरले, त्यांची शुश्रूषा पुढे आमच्या हातून घडली, आणि ती आठवण त्यांच्या मनातून अखेरपर्यंत गेली नव्हती.

शुश्रूषेचा विषय निघाला म्हणून सांगतो. वृद्धांच्या वॉर्डात काम केलेल्या आम्हां सर्वजणींना एक गोष्ट ठाऊक आहे. स्मृती जाऊ लागली की मोठेपणी शिकलेली भाषा बहुधा आधी जाते. चाळीस वर्षे बाजारात, कारखान्यात हिब्रू बोललेली माणसे एके सकाळी "पेज दे गं" म्हणू लागतात. तरुण डॉक्टर गोंधळतात, नातवंडे गोंधळतात. एक आजोबा संध्याकाळ झाली की विचारीत, "रेवदंड्याची बस गेली का?" आम्ही म्हणत असू, "अजून वेळ आहे, काका, जरा पडा." मग ते शांत होत. त्या वेळी आम्हांला कळले की घर ही वस्तू नकाशाहून खोल जागी ठेवलेली असते.

आज आपल्या वृद्धांच्या उशाशी कोण आहे? पुष्कळ घरांत केरळच्या, काही घरांत गोव्या-मंगळूरकडच्या ख्रिस्ती मुली आहेत. त्यांचा व्हिसा या कामाशी बांधलेला. मुले आजीकडे ठेवून आलेल्या. सुटीच्या दिवशी त्यांच्यापैकी अनेकजणी याफोच्या सेंट अँथनी चर्चमध्ये जमतात. त्यांच्या धर्माची सारी पुण्यस्थळे बसने जाण्याच्या अंतरावर, आणि जीव मात्र केरळच्या अंगणात. आपण या भूमीकडे तोंड करून पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना केली, आणि येथे आल्यावर कोकणाच्या पावसाने डोळे भरून येतात. त्या मुली आणि आपण, दोघेही वचनाच्या भूमीत असून घरासाठी झुरतो. आम्हांला ही विसंगती वाटत नाही. ज्याला दोन घरे लाभली, त्याला दोन्हींची ओढ राहणारच. ज्याला एकही नाही, त्याची खरी काळजी.

ती काळजी आता नातवंडांची आहे. जग फिरते झाले आहे. एक नातू बर्लिनला, एक नात टोरोंटोला, कोणी सैन्यातून सुटताच दक्षिण अमेरिकेत भटकतो. त्यांना घर म्हणजे फोनमधला पत्ता. त्यांना दोष देऊन काय उपयोग? फोन्सेकाने गोव्याला दूषणे देण्यात आयुष्य घालवले नाही. पुण्यात बसून तो मिर्यामेच्या साडीचा काठ रंगवीत राहिला.

आपल्या हाती तेवढेच आहे. मलिदा करताना नातवाला नारळ खवायला बसवा. तो हिब्रूत बोलला तर बोलू द्या. पण खोबऱ्याला खोबरेच म्हणा. एलियाहूंच्या चित्राखाली नवी मुले उभी राहतील तेव्हा त्यांना सांगा की हा रथ खंडाळ्यावरून गेला. आणि ज्या केरळी मुलीने आजीचे केस विंचरले, तिलाही ताटातला वाटा द्या. तिला आपली प्रार्थना कळणार नाही. खोबऱ्याची चव मात्र तिला ओळखीची वाटेल.