मस्टर

मस्टरवर नाव चढलं की आमच्या घरची चूल निर्धास्त पेटायची. मुरबाडकडे बहुतेकांचं भाताचं एकच पीक. झोडणी उरकली की कोणी वीटभट्टीची वाट धरायचं, कोणी रोजगार हमीची. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या या योजनेचा कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला मुकादम ठाऊक होता. पाझर तलावाच्या कामावर तो फडक्यात गुंडाळलेलं मस्टर उघडायचा. बायका शाईच्या पॅडवर अंगठा टेकवायच्या, कागदावर उठवायच्या आणि पदराला पुसायच्या. पदरावरचे ते निळे डाग धुण्यात जात नसत. पण मजुरी अंगठ्याची नव्हती, खड्ड्याची होती. टेप लागायचा: लांबी, रुंदी, खोली. मुरूम निघाला तर एक दर, कातळ लागला तर नशीब.

पुढे शिकलो, शहापूरला बिऱ्हाड केलं आणि आसनगावहून लोकल धरून मुंबईतल्या एका बड्या सल्लागार कंपनीत जाऊ लागलो. तिथे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात. वडिलांच्या वयाच्या पार्टनरसमोर जिभेवर आलेला ‘सर’ मी कितीतरी महिने गिळत होतो. इंग्रजी, काचेच्या खोल्या, रात्री अकराला येणारे मेल हेही सवयीने जमलं. पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटलं ते फक्त टाइमशीट. शुक्रवारी भरायचं. प्रोजेक्टचा कोड, पुढे तास. ज्यांचं बिल क्लायंटला लागतं ते ‘बिलेबल’, बाकीचे आपल्या माथी. रेटिंगच्या वेळी आपले किती टक्के तास विकले गेले, हे आधी बघतात. बारा तास राबलं तरी बऱ्याचदा आठच लिहायचे, कारण बजेट तेवढंच. हे कोणी तोंडाने सांगत नाही. नवा पोरगा आठवड्यात शिकतो.

या धंद्याचा एक मूळपुरुष फ्रेडरिक टेलर. 1900 च्या आसपास अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टील कारखान्यात त्याने फावडं मारणाऱ्यांच्या कामाचं मोजमाप केलं. एका फावड्यात साधारण 21 पौंड, म्हणजे साडेनऊ किलो माल बसला की दिवसाचं काम सर्वात जास्त निघतं, असा त्याचा हिशेब. तो वाचताना मला आईचं घमेलं आठवलं. मजुरांवर रोखलेलं घड्याळ फिरत फिरत शेवटी सल्लागारांच्याच मनगटावर आलं, याची गंमत वाटते. टेप मात्र मागेच राहिला. आमचे तास मोजतात. खड्डा किती झाला, हे कोण बघतं?

पाणीपुरवठ्याच्या एका कामासाठी शहापूर तालुक्यातल्याच एका पाड्यावर जाणं झालं. तानसा धरण 1892 चं, भातसा त्यानंतरचं. दोन्ही याच तालुक्यात, दोन्हींचं पाणी मुंबईला. आणि एप्रिल-मे आला की इथल्या पाड्यांना टँकर. सकाळपासून विहिरीच्या कठड्यावर हंडे रांगेत होते. टँकर दुपार कलल्यावर आला, त्याने पाईप विहिरीत सोडला आणि पाणी तळाशी टेकायच्या आत पोहरे पडले. माझ्या त्या दिवसाला कोड होता. बायकांचे तास मी स्लाइडवर ‘प्रतीक्षेचा वेळ’ म्हणून एका चौकोनात बसवले. चौकोन उठून दिसत नाही म्हणून मॅनेजरने रंग बदलायला लावला. त्यात गेलेला वेळही बिलात लागला.

मध्यंतरी हाताला प्रोजेक्ट नव्हतं. याला ‘बेंच’वर असणं म्हणतात. टाइमशीटमध्ये त्याचाही कोड असतो आणि पगार पुरा येतो. फक्त सगळे जरा सांभाळून बोलायला लागतात. काम मागून पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, हे रोजगार हमीच्या कायद्यातही आहे. आईच्या हातात तो कधी पडला नाही. असा काही भत्ता असतो, हेच तिला माझ्याकडून कळलं.

“काम नाय तरी पैसं?” तिने विचारलं. “मंग अर्ज कुठं टाकला व्हता तू?”