दोन इंच उंची

मे महिन्याची सुट्टी लागली, की माझे मित्र मामाच्या गावाला जातात आणि मी अण्णांच्या गॅरेजात जातो. आळेफाट्याजवळ रस्त्याच्या कडेला आमची पत्र्याची शेड आहे. अण्णा सातवीपर्यंत शिकलेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. त्यामुळे वीजबिलापासून बँकेच्या पत्रापर्यंत कोणताही कागद आला, की तो माझ्यापुढे येतो आणि सगळे घर माझ्या तोंडाकडे पाहत बसते.

गेल्या सुट्टीत पुण्याचे एक साहेब थार घेऊन आले. २०२० साली निघालेल्या या गाडीची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आहे. पण साहेबांना ती कमी वाटत होती. त्यांनी स्पेसर आणले होते, म्हणजे शॉकअपच्या डोक्यावर आणि मागच्या स्प्रिंगवर बसवायच्या जाड चकत्या. सोबत इंग्रजी सूचनांचा कागद. अण्णांचा सारा जन्म पाट्यांच्या जुन्या जीपखाली गेलेला. त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "बघ रे, काय लिवलंय. आमचा पोरगा कॉलेजात हाय," हे साहेबांना उद्देशून.

मी ऐटीत कागद वाचला. चित्रे सोपी होती. "चित्राप्रमाणे बसवायचं, बाकी विशेष काही नाही," असे सांगून मोकळा झालो.

गाडी घोड्यांवर घेतली, चाके काढली. पुढचा शॉकअप खालच्या आर्मपासून सोडवला, वरचे नट काढले, चकती बसवली. शॉकअप आर्मच्या मधेच कुठेतरी टेकतो, म्हणून इंचाच्या चकतीने चाकाशी त्याहून जास्त उंची मिळते. शाळेत शिकलेली तरफ मला त्या दिवशी प्रथम दिसली! चाके लोंबकळत असतानाच आम्ही आर्मचे बोल्ट गच्च आवळले. शेवटचा पाना मारताना अण्णा क्षणभर थांबले, माझ्याकडे पाहिले आणि मग आवळले.

साहेब खूश झाले. अण्णांनी त्यांना बजावले, "उंची वाढली तसा तोलबी वर गेला. घाटात वळण जपून घ्या. चाकांचा कल बदलतो, अलाइनमेंट करून घ्या. आन् मागच्या एक्सलचा गोळा हाय तिथंच ऱ्हातो. तो उचलायचा तर टायरच मोठं पायजेत." गाडी सकाळी न्यायची ठरली.

रात्री सहज तो कागद पुन्हा काढला. एका ओळीपाशी अडलो. शब्द सगळे ओळखीचे. अर्थ मात्र दुपारी लागला नव्हता. डिक्शनरी घेऊन बसलो आणि घाम फुटला. आर्मचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, तिचा भार पडल्यावर. चाक लोंबकळताना आवळले, तर बुशातले रबर त्याच अवस्थेत पकडले जाते. गाडी खाली टेकली, की ते कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

झोप लागली नाही. सांगितले नाही तर कोणाला कळणार होते? बुश काही महिन्यांनी गेले असते आणि नाव अण्णांचे गेले असते.

पहाटे अण्णा चहा घेत होते. मी खाली मान घालून सगळे सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, "पाट्याच्या गाडीलाबी तसंच असतं. भार आल्याबिगर बुश आवळू नये. काल हात थबकला होता माझा."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, नव्या गाडीचं येगळं असंल. तू कागद वाचला हुता."

त्या एका वाक्याने मला जेवढे लाजवले तेवढे परीक्षेतल्या कोणत्याही गुणांनी लाजवले नाही. तीस वर्षांच्या हाताने माझ्या दोन वर्षांच्या कॉलेजसमोर माघार घेतली होती, आणि मी तर ओळसुद्धा नीट वाचली नव्हती.

आम्ही गाडी जमिनीवर उभी केली, बोल्ट सैल केले, गाडी दोनदा दाबून हलवली आणि पुन्हा आवळले. साहेबांना अण्णांनी सगळे खरे सांगितले. साहेब हसले, पैसे देऊन निघून गेले.

आता घरी कागद आला, की मी दोनदा वाचतो. अडले तर "हे मला कळत नाही" असे सरळ सांगतो. आणि वाचून झाल्यावर अण्णांना विचारतो, "तुम्हाला काय वाटतं?"

— द्वितीय वर्ष, कला