ग्रेनच्या दहाव्या भागाचा हिशेब

पुणे

चि. निनाद,

ग्रीन कार्ड झालं, रायफल क्लबात नाव घातलंस आणि आता घरच्या घरी काडतुसं भरायची म्हणतोस. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक काटा कोणता घ्यावा, असं विचारलं आहेस. प्रयोगशाळेचे काटे दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, तेव्हा जरा सविस्तरच लिहितो.

आधी कायद्याचं. भारतात 1959च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे इथे कुणी हा छंद घरी करण्याचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही. धंदा म्हणून विकायची असतील तर लागतो. मात्र एच-1बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक काय, काडतूसही जवळ बाळगायला तिथल्या संघराज्य कायद्यानं मनाई आहे. तुझ्या मराठी मंडळातल्या मित्रांना हे जरूर सांग. तुझ्या राज्याचे आणि गावाचे नियम वेगळे असू शकतात, तेही बघून घे.

दुसरी गोष्ट, सगळीच काडतुसं पुन्हा भरता येत नाहीत. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेनं 2024 साली पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते .22 रायफलीवर. तिची काडतुसं रिमफायर; एकदा उडाली की पुंगळी टाकून द्यायची. ज्या पुंगळीच्या बुडाशी मधोमध दारू पेटवणारा प्रायमर बसतो, ती सेंटरफायर पुंगळीच पुन्हा भरली जाते.

या छंदात दारू ग्रेनमध्ये मोजतात. 7000 ग्रेनचा एक पौंड, म्हणजे एक ग्रेन जवळपास 64.8 मिलिग्रॅम. हे माप आपल्याला अगदीच परकं नाही. 1833 साली कंपनी सरकारनं तोळ्याचं वजन पक्कं केलं ते 180 ग्रेन. 96 गुंजांचा तोळा धरला, तर गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित जास्त भरते. काडतुसं भरणारे ज्या 0.1 ग्रेनसाठी जीव टाकतात, तो गुंजेचा साधारण एकोणिसावा भाग!

एवढ्याशा भागाची किंमत प्रत्येक काडतुसात सारखी नसते. 9 मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसात दारू बहुधा चार ते सहा ग्रेन असते. पाच ग्रेनमध्ये 0.1ची चूक म्हणजे दोन टक्के. .308 विंचेस्टर रायफलीच्या काडतुसात चाळीस ग्रेनांच्या वर दारू जाते. तिथे तीच चूक पाव टक्क्याच्या आसपास. सामी ही अमेरिकेतली मानक ठरवणारी संस्था 9 मिलिमीटरसाठी दर चौरस इंचाला 35,000 पौंड आणि .308साठी 62,000 पौंड दाबाची मर्यादा घालते. चेहऱ्यापासून हाताच्या अंतराच्या आत हा दाब तयार होतो. म्हणून पिस्तूलवाल्यानं काटा निवडायचा तो मुख्यतः सुरक्षेसाठी. लांब पल्ल्याच्या रायफलवाल्याला सुरक्षा हवीच, शिवाय प्रत्येक गोळीचा वेग एकसारखा हवा. वेगात थोडा फरक पडला तरी हजार यार्डांवर गोळी काही इंच वर-खाली लागते.

बाजारातले बहुतेक स्वस्त काटे लोड सेलवर चालतात. धातूचा लहानसा दांडा वजनानं किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेल्या पट्टीचा विद्युतरोध बदलतो आणि तो बदल आकडा होऊन दिसतो. खोलीचं तापमान बदललं की हे सगळं थोडं थोडं सरकतं. म्हणून असा काटा अर्धा तास आधी चालू करून ठेवतात, पंखा आणि एसीचा झोत बंद करतात, मोबाइल लांब ठेवतात. महागड्या काट्यांत दुसरी युक्ती असते: चुंबकीय क्षेत्रातल्या कॉइलमधून प्रवाह सोडून पारडं मूळ जागी आणायचं आणि त्यासाठी लागलेल्या प्रवाहावरून वजन काढायचं. ए अँड डी कंपनीचा एफएक्स-120आय हा त्यातला नावाजलेला. क्षमता 122 ग्रॅम, लघुत्तम माप 1 मिलिग्रॅम. ग्रेनमध्ये तो 0.02चा फरक दाखवतो. व्हार्गेट नावाच्या रायफलीच्या दारूचा एक दाणा साधारण तेवढाच भरतो.

सोन्या-चांदीचे म्हणून विकले जाणारे खिशातले काटे मात्र घेऊ नकोस. त्यांचं लघुत्तम माप बहुधा 0.01 ग्रॅम, म्हणजे 0.15 ग्रेन असतं. ग्रेनचं बटण दाबल्यावर दशांश स्थळ दिसतं, पण आतली मोजणी तेवढी बारीक नसल्यामुळे आकडा मधल्या पायऱ्या गाळत उड्या मारतो.

लोड सेलच्या काट्याचा आणखी एक स्वभाव दुकानात कळत नाही. वजन न ठेवता आकडा थोडा हलला, तर काटा तो आपोआप शून्यावर आणतो. पुष्कळ काटे भरल्या पारड्यावरही तेच करतात. आता रीलोडर, म्हणजे काडतुसं भरणारा, बघ. पारड्यात 42.7 ग्रेन आहे, ट्रिकलर या दाणे सोडायच्या उपकरणाची नळी फिरवून तो एकेक दाणा टाकतो आहे. दाणे पडताना दिसतात, आकडा जागचा हलत नाही. काट्याला हा संथ बदल म्हणजे तापमानाचा खेळ वाटतो आणि तो पुसून टाकतो. पारडं उचलून पुन्हा ठेवलं की आकडा येतो 42.9! काटा घ्यायच्या आधी हीच चाचणी करून बघ आणि घेतल्यावरही शेवटचा आकडा पारडं उचलून-ठेवूनच मान.

रोजच्या वापरात शून्य ओळखायची सोपी खूण आहे. रिकामं पारडं ठेवून शून्य केलं आणि पारडं उचललं की काटा उणे आकडा दाखवतो. तो लिहून ठेवायचा. दर पाच-दहा काडतुसांनी रिकामं पारडं उचलल्यावर तोच आकडा आला पाहिजे. बदलला तर मधली काडतुसं बाजूला काढायची.

इथून काटा घेऊन पाठवू का, असं तुझ्या आईनं विचारलं. नको. लोड सेलला कळतं ते गुरुत्वाकर्षणानं पडणारं ओझं, आणि ते जागेगणिक बदलतं. पुण्यात जुळवलेला काटा तुझ्याकडे शिकागोत तसाच वापरला, तर हजारात दीड-दोन भाग जास्त दाखवेल. जिथे वापरायचा तिथेच प्रमाण वजनानं जुळवला पाहिजे. दांडीच्या काट्याला ही अडचण नाही, दोन्ही बाजूंवर गुरुत्वाकर्षण सारखंच असतं. म्हणून जाणते लोक इलेक्ट्रॉनिक काट्याशेजारी एक जुना दांडीचा काटा पडताळणीसाठी ठेवतात.

काटा कितीही चांगला असला तरी एक गोष्ट तो पकडत नाही. पिस्तुलाच्या पुंगळीत दारू इतकी कमी जागा व्यापते, की चुकून दोनदा भरली तरी मावते. तयार काडतूस तोलून ती चूक सापडेलच असं नाही, कारण पुंगळ्यांच्या वजनातच काही ग्रेनांचा फरक असतो. त्यामुळे गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेड टाकून डोळ्यांनी बघायचं. दारू किती घालायची ते दारूच्या कंपनीच्या पुस्तकातूनच घ्यायचं आणि सुरुवात त्यातल्या खालच्या आकड्यापासून करायची.

तू पिस्तूल आणि शंभर-दोनशे यार्डांची रायफल चालवणार आहेस. तुला 0.1 ग्रेनचा, वीजजोडणीवर चालणारा, नावाजलेल्या कंपनीचा काटा पुरेसा आहे. वाचलेल्या पैशांत एफ1 वर्गाचं 20 ग्रॅमचं प्रमाण वजन घे, त्यात 0.25 मिलिग्रॅमहून जास्त चूक चालत नाही. आणि तुझ्या दारूच्या मापाजवळचं एक लहान वजनही घे. ती चिमट्यानंच उचल, बोटांचा तेलकटपणा लागू देऊ नकोस. वजनं हाती आल्याशिवाय एकही काडतूस भरू नकोस, आणि काटा आला की त्याच वजनांवर लागोपाठ दहादा तपासून आकडे मला कळव.

तुझा
सुधीरमामा