रस्ता विचारू नये असा चौक

कॉर्क शहराकडून मॅक्रूमला जाणारा मोठा रस्ता सोडून आम्ही क्रुक्सटाउनकडे वळलो आणि गाडीचा वेग निम्म्यावर आला. इथून पुढे रस्ते कसले, पाणंदीच त्या. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच कुंपणं, त्यातून लोंबणारी फुशियाची लाल फुलं आणि ऑगस्ट सरत आल्यामुळे काळ्या पडू लागलेल्या ब्लॅकबेरी. समोरून ट्रॅक्टर आला की एकाने मागे जायचं आणि शेताच्या फाटकाशी अंग चोरून थांबायचं. जाता जाता ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. इथला रामराम तेवढाच. सुरुवातीला आम्ही अख्खा हात हलवत होतो, पुढे आम्हीही बोटावर आलो.

बेल ना ब्लॉ हे गाव नाही, चौक आहे. रस्ते येऊन मिळतात, कोपऱ्यावर एक पब, थोडी घरं आणि भोवताली दुभत्या गाईंची कुरणं. मायकल कॉलिन्स 22 ऑगस्ट 1922 रोजी इथून जवळच मारले गेले, म्हणून आयर्लंडमध्ये या चौकाचं नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्यांचं वय होतं अवघं 31. ब्रिटिशांविरुद्धचा गनिमी लढा ज्यांनी उभा केला त्यांतले ते अग्रणी. डिसेंबर 1921 च्या तहावर त्यांची सही होती. तहाने 26 काउंट्यांचं राज्य हाती आलं, पण ब्रिटिश राजाशी इमानाची शपथ कायम राहिली. त्यावरून कालचे सोबती एकमेकांवर उठले आणि जून 1922 मध्ये यादवी पेटली. मारले गेले तेव्हा कॉलिन्स नव्या राज्याच्या सैन्याचे सरसेनापती होते.

पबमध्ये चहा मागवला. शेजारच्या स्टुलावरच्या आजोबांनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं. “कॉलिन्सचा क्रूस बघायला आलात ना?” म्हणाले. आम्ही हो म्हटलं, कोणत्या रस्त्याने जायचं तेही विचारलं. आजोबा म्हणाले, “या चौकात रस्ता विचारू नये. एकाने विचारला होता, त्याला महागात पडलं.” सगळा पब हसला. मग त्यांनी आम्हाला रस्ता सांगितला.

हा विनोद कळायला त्या दिवसाची हकिगत माहीत हवी. सकाळी कॉलिन्सचा ताफा मॅक्रूमहून बँडनकडे निघाला होता. पुढे मोटारसायकलस्वार, मागे सैनिकांची गाडी, कॉलिन्सची उघडी मोटार आणि शेवटी चिलखती गाडी. ठिकठिकाणी पूल उडवलेले, झाडं आडवी पाडलेली, त्यामुळे आडवाटेने जाणं भाग होतं. या चौकात त्यांनी पबपाशी उभ्या असलेल्या एका माणसाला वाट विचारली. त्याने ती नीट दाखवली. तो माणूस होता तहविरोधी गटाचा पहारेकरी. त्या गटाची काही पुढारी मंडळी त्या वेळी याच परिसरात जमली होती. ताफा याच वाटेने परतेल, या हिशेबाने रस्त्यात सुरुंग पेरला गेला, गाडा आडवा लावला गेला आणि टेकाडावर माणसं बसली. संध्याकाळपर्यंत कुणी फिरकलं नाही तेव्हा बहुतेक जण उठून गेले. मोजके मागे राहिले, तेही सुरुंग काढण्यापुरते. नेमका तेव्हाच ताफा आला. गोळीबार झाला, तो जेमतेम अर्धा तास चालला. त्यात एकच माणूस मेला.

घात झाला ती जागा पाहिल्यावर ही हकिगत जमिनीवर दिसू लागते. रस्ता अरुंद, एका अंगाला चढ, दुसऱ्या अंगाला ओहोळ. मोटार वळवायला जागा नाही, लपणाऱ्याला मात्र वाटेल तेवढी. शत्रूला असंच आडरानात गाठून मारायचं आणि कुंपणांत विरून जायचं, ही लढाई कॉलिन्सच्या पिढीनेच इथे रुजवली होती. इथून जवळच किलमायकलला नोव्हेंबर 1920 मध्ये टॉम बॅरीच्या तुकडीने ब्रिटिशांच्या ऑग्झिलरी दलाचा असाच फडशा पाडला होता. दोन वर्षांच्या आत तोच डाव घरच्या माणसावर उलटला. 1924 मध्ये उभारलेला दगडी क्रूस रस्त्याच्या कडेलाच आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा दुधाचा टँकर येत होता आणि सगळ्यांना कठड्याला चिकटून उभं राहावं लागलं.

पुढे न्यूसेस्टाउनच्या वाटेवर आम्हाला खेळाने अडवलं. कॉर्कमध्ये रोड बोलिंग जोरात चालतं. सुमारे 800 ग्रॅमचा, मुठीत मावणारा लोखंडी गोळा चालत्या रस्त्यावर फेकायचा आणि ठरलेलं अंतर कमीत कमी फेकींत कापायचं. एक तरुण दहा-पंधरा पावलं धावत आला, हात मागून गोल फिरवला आणि उडी घेतानाच गोळा सोडला. वळणावर त्याचा साथीदार पाय फाकवून उभा होता, गोळ्याची दिशा त्या पायांमधून. डांबरावर ठणठणत गोळा कुंपणात शिरला तशी पंधरा-वीस माणसं काठ्या घेऊन गवत धुंडाळायला धावली. पैजा लागल्या होत्या. गाड्या खोळंबल्या होत्या, पण भोंगा एकानेही वाजवला नाही.

बँडनजवळच्या बॅलिनाडी गावात हेल्स बंधूंचं घर. इंग्रजांशी लढताना टॉम आणि शॉन दोघे एका बाजूला. पकडल्यावर टॉमचे अतोनात हाल झाले, तरी त्याने तोंड उघडलं नाही. तहानंतर शॉन कॉलिन्सबरोबर राहिला आणि टॉम विरोधात गेला. बेल ना ब्लॉच्या टेकाडावरच्या माणसांचा म्होरक्या हाच टॉम, कॉलिन्सचा जुना मित्र. त्याच वर्षी 7 डिसेंबरला डब्लिनच्या रस्त्यावर तहविरोधकांनी शॉनला गोळ्या घातल्या. इथे यादवी कुणा परक्याशी झाली नाही. ज्याने मारलं आणि ज्याने खांदा दिला, ते एकाच चर्चमध्ये रविवारी बसणारे. पबमधल्या आजोबांच्या विनोदात गोळी झाडणाऱ्याचं नाव का नव्हतं, ते मला इथे उमगलं. शंभर वर्षं शेजारी राहायचं तर नावापेक्षा वाटेबद्दल बोलणं बरं.

या दोन बाजूंतूनच पुढे फीना फॉइल आणि फीना गेल हे पक्ष निघाले आणि देशाची सत्ता आलटून पालटून त्यांच्याकडेच राहिली. कॉलिन्सच्या स्मरणार्थ बेल ना ब्लॉला भरणारी वार्षिक सभा फीना गेलच्या घरची. 2010 मध्ये पहिल्यांदा फीना फॉइलचा मंत्री तिथे भाषणाला उभा राहिला. 2022 च्या शताब्दीला मात्र फीना फॉइलचे तेव्हाचे पंतप्रधान मिहॉल मार्टिन आणि फीना गेलचे तेव्हाचे उपपंतप्रधान लिओ वराडकर दोघे एकाच व्यासपीठावरून बोलले. वराडकरांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. वडील मुंबईहून गेलेले डॉक्टर. कॉलिन्सचा वारसा सांगणाऱ्या पक्षाचा तेव्हाचा नेता कोकणातल्या घराण्यातला, याचं पबमध्ये कुणाला फारसं अप्रूप नव्हतं. आजोबांनी विचारलं ते एवढंच, “तुमच्याकडेही इतकाच पाऊस का?” याहून जास्त, असं सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसेना.

इथे यायचं असेल तर थेट क्रूसापाशी गाडी लावून, फोटो काढून परत फिरू नका. आधी किलमरीचं छोटं संग्रहालय पाहा, मग मॅक्रूमकडून आडवाटेने चौकात या. दोनदा चुका, एकदा ट्रॅक्टरसाठी मागे जा. इतका मोठा सेनापती एवढ्याशा रस्त्यात कसा सापडला, हे मग कुणाला विचारावं लागत नाही.