चढापुरती वीज

रत्नागिरीकडच्या पालीतून कुठल्याही बाजूला निघा, सपाट रस्ता फार वेळ साथ देत नाही. गोव्याच्या अंगाला आंजणारीचा घाट उतरून काजळी नदी ओलांडली की परत चढण. कोल्हापूरकडं वळलं तर नाणीज, साखरपा आणि पुढं आंबा घाट. महामार्ग सोडून आतल्या वाड्यांकडं जावं तर सड्यावरून खाली पऱ्याला आणि पऱ्यावरून पुन्हा सड्यावर. जांभ्याच्या या मुलखात पाण्यानं जमीन अशी चिरून ठेवलीय की पलीकडच्या वाडीत हाक लगेच पोचते, माणूस मात्र दमून पोचतो. अशा गावात सायकलचं निम्मं आयुष्य मालकाच्या बाजूनं चालण्यात जायचं. वडिलांची काळी सायकल मला आठवते ती बहुधा अशीच. त्यांचा एक हात हँडलला, एक सीटला, कॅरियरवर काजूचं पोतं आणि चढावर सावकाश ऐकू येणारी फ्रीव्हीलची टिकटिक. माथ्यावर पोचले की टांग टाकायचे. मग तीच टिकटिक दाट होत होत एक सलग झिणझिण व्हायची आणि वळणाआड जायची.

ढकलण्यामागं आळस नव्हता, हिशेब होता. साधा माणूस तासभर पायडल मारत राहिला तर पंचाहत्तर ते शंभर वॅट शक्ती देतो. माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो धरा आणि शंभर मीटरला पाच मीटर उठणारा चढ धरा. ऐंशी वॅटमध्ये हे ओझं ताशी पाचेक किलोमीटरनं वर जातं. म्हणजे चालण्याच्याच वेगानं! त्या वेगाला सायकल डगमगते, गुडघे बोलायला लागतात आणि शहाणा माणूस उतरतो. तोच चढ ताशी पंधरानं चढायचा तर अडीचशे वॅटच्या आसपास लागतात. माणूस आणि चढ यांच्यातली ही दीडेकशे वॅटची तूट कोकणानं पिढ्यान्‌पिढ्या चालून भरून काढली. मग स्कूटरी आल्या, तूट पेट्रोलनं भागली, आणि सायकल भिंतीला टेकून उभी राहिली ती राहिलीच.

मला ती तूट विजेनं भागवायची होती, आणि वडिलांच्याच सायकलवर. मोटरच्या किटचं खोकं आणण्याआधी सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदार काकांनी काळ्या सायकलपुढं बसून काही न बोलता तारा मोजल्या. पुढच्या चाकाला 32, मागच्याला 40. आपल्याकडच्या उभ्या काळ्या सायकलींचं हे जुनं इंग्रजी माप. बाजारात मिळणाऱ्या, चाकाच्या मधोमध बसणाऱ्या हब मोटरच्या कडेला बहुतेक 36 भोकं असतात. म्हणजे पुढंही बसत नाही, मागंही नाही. नवी रिम घ्यावी तर या सायकलचं अठ्ठावीस इंची माप आणि किटवाल्यांचं अठ्ठावीस इंची माप एक नव्हे. एकाची रिम 635 मिलिमीटरची, दुसऱ्याची 622. तेवढ्या फरकानं जुना टायर नव्या रिमवर ढिला पडतो आणि दांड्याच्या ब्रेकचे गुटके भलतीकडंच घासतात. काकांनी हात पुसले आणि म्हणाले, "हिला हिच्या वयात राहू दे. पोराची रेंजर पडलीय ना, ती आण."

भाच्याची गिअरची रेंजर मग पडवीत उलटी उभी राहिली. चाकं सव्वीस इंची, चिमटा लोखंडी, ब्रेक तारेचे, आणि मागच्या चिमट्यात मोटर बसेल एवढी रुंदी. मोटर पुढच्या चाकात बसवणं सोपं असतं, पण चढावर वजन मागं सरकतं आणि जांभ्याच्या लाल चुऱ्यावर पुढचं चाक जागीच फिरतं. म्हणून मागं. जुनं चाक काढलं, फ्रीव्हील सोडवून मोटरवर चढवलं. हातात घेतली तेव्हा मोटर वजनदार, थंड आणि अगदी मुकी वाटली. आत मधोमध तांब्याच्या वेटोळ्यांचा गठ्ठा, भोवती चुंबकांचं कडं. आस चिमट्यात घट्ट, आणि मोटरचं घर त्याच्याभोवती फिरणार. तीन जाड वायरी वीज नेतात, पाच बारीक वायरी चाक या क्षणी कुठं आहे ते कंट्रोलर नावाच्या पेटीला कळवत राहतात. त्या चुगलीवर कंट्रोलर एकेका वेटोळ्याला पाळीपाळीनं जागं करतो. चाक जोरानं पुढं फिरतं तेव्हा आस तेवढ्याच जोरानं उलटा फिरू पाहतो. त्याला अडवायला टॉर्क आर्म नावाची लोखंडी पट्टी चिमट्याला जखडावी लागते. किटच्या खोक्यात ही पट्टी पुष्कळदा नसतेच. ती आधी मिळवावी.

हे सगळं करताना मला सारखा काळ्या सायकलचा डायनॅमो आठवत होता. तिन्हीसांजेला तो टायरला टेकवला की घर्रर्र सुरू व्हायची, पुढचा दिवा पिवळा उजळायचा आणि पायडल जड व्हायचं. सहा व्होल्ट, तीन वॅट, तेवढ्यासाठी पाय केवढी कुरकुर करायचे! दिव्याला लागणारी वीज पायांतून निघते हे मी शाळेत शिकण्याआधी पोटऱ्यांनी शिकलो होतो. मोटर म्हणजे तोच व्यवहार उलट्या दिशेनं. चुंबक आणि तांबं तेच, देणारा-घेणारा तेवढा बदलला.

कल्पनाही काही आजची नाही. अमेरिकेत ऑगडेन बोल्टन यांना 31 डिसेंबर 1895 रोजी ज्या सायकलचं पेटंट मिळालं तिच्या मागच्या हबमध्येच मोटर होती. बॅटरी दहा व्होल्टची, आणि ती शंभर अँपियरपर्यंत प्रवाह देईल अशी मांडणी. अडलं होतं ते बॅटरीवर. शिशाची बॅटरी स्वतःचंच वजन चढावर वाहून नेण्यात दमते. 1991 साली सोनीनं लिथियम आयन बॅटरी बाजारात आणली, तिच्या घडणीसाठी 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं, आणि मधल्या काळात मोबाइलच्या निमित्तानं ती पालीच्या प्रत्येक खिशात येऊन बसली. आपल्याकडं फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस, ई-रिक्षा शहरोशहरी दिसू लागण्याच्या कितीतरी आधी, सायकल रिक्षाचं हेच कोडं हातात घेतलं होतं. त्यांनी दोन वाटा करून पाहिल्या. एका रिक्षात पायडल ठेवून मोटरची जोड, दुसरी सगळीच बॅटरीवरची. मला पहिली वाट जवळची वाटते. (किर्लोस्करांचा उद्योगही 1888 साली बेळगावात सायकलच्या दुकानातून सुरू झाला. तेव्हा पडवीत सायकल उलटी करून बसलेल्याला घरच्यांनी फार हसू नये.)

माझी बॅटरी 36 व्होल्टची. दहा सेलची ओळ, भरली की 42 व्होल्ट. साठा 280 वॅट-तास, म्हणजे पाव युनिटाहून थोडा जास्त. महावितरणच्या बिलात शोधून सापडत नाही. सेल सुटे आणून घरी जोडण्याच्या भानगडीत मी पडलो नाही आणि कुणी पडूही नये. संरक्षक सर्किट असलेली तयार बॅटरी, तिचाच चार्जर, आणि चार्जिंग दिवसाउजेडी, डोळ्यांसमोर. खरी धास्ती पावसाची होती. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो आडवा येतो, खालून उडतो, नको तिथं शिरतो. म्हणून हबजवळच्या वायरीला खाली झोळ ठेवला. पाणी वायरीवरून ओघळतं आणि झोळाच्या तळाशी पागोळीसारखं गळून पडतं, आत जात नाही. कंट्रोलरची पेटी सीटखाली, सांधे ग्रीस भरून, तोंडं खाली.

पहिल्यांदा चढाला लागलो तेव्हा सवयीनं पाय उतरायच्या तयारीत होते. पायडलच्या आसापाशी चुंबकांची एक चकती असते. पाय फिरले की ती कळवते आणि मोटर जागी होते. हलकी घूं उठली. रस्ता तोच, खड्डे तेच, डाव्या हाताला काजूची झाडं, कुठंतरी वणव्यानंतरचा काळा वास, पण गुडघ्यातली ती ओळखीची कळ आलीच नाही. दम लागत होता, मात्र बोलता येईल इतपतच. स्कूटरवरून मी या चढावर आंब्याचा मोहोर कधी हुंगला नव्हता. वरच्या वळणावर काकू भारा टेकवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मेल्या, पायडल मारतोस की नुसता देखावा?"

प्रश्न नेमका होता. किटबरोबर अंगठ्यानं दाबायचा थ्रॉटलही येतो. तो दाबला की पाय नुसते ठेवायला उरतात, आणि वीसेक किलोमीटरची बॅटरी भराभर रिती होते. मी थ्रॉटल काढून ठेवला. सपाटीला मोटर बंद, उतारावर बंद, चढापुरती चालू. विकणारे मोठी मोटर गळ्यात मारू पाहतात, ती घेऊ नका. कायद्यानं अडीचशे वॅटच्या आतली आणि ताशी पंचवीसच्या आत चालणारी गाडी मोटर वाहन धरली जात नाही. नोंदणी नको, परवाना नको. ती मर्यादा ओलांडली की तुमच्या हाती नंबर नसलेली स्कूटर असते, आणि तिचे ब्रेक सायकलचे असतात. चौपदरी महामार्गावर तर अडीचशेवालीही मी नेत नाही. आतले रस्ते पुष्कळ आहेत.

काळी सायकल आहे तशीच आहे, तिला तेल घातलंय. तुमच्याकडं कुणाची रेंजर गंजत पडली असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एवढं करा: चिमटा कुठं फुटलाय का पाहा, ब्रेकचे गुटके नवे घाला, टायरच्या कडेवर छापलेलं माप आणि मागच्या चिमट्याची आतली रुंदी कागदावर लिहून घ्या, आणि मगच किट मागवा.